घंटागाडीवर पुकारलेलं नाव

‘घरपट्टी’ हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो गुलाबी कागदावर.

वडील बारामतीत एका छापखान्यात मशीनवर काम करायचे. छापताना शाई पसरलेली, तिरकी कापली गेलेली पत्रकं ते पिशवीत भरून घरी आणत, कारण त्यांची मागची बाजू कोरी असे. माझी शाळेची सगळी गणितं त्या कोऱ्या बाजूवर झाली. गणिताचा कंटाळा आला की मी कागद उलटायची आणि पुढचं वाचायची. उसाच्या दराचं पत्रक, कालव्याच्या आवर्तनाचं पत्रक, दूध दराचं पत्रक, मध्येच एखादं साड्यांच्या सेलचं. बाकीच्या मुली गोष्टींच्या पुस्तकांवर वाढल्या असतील. मी ‘तमाम बंधू-भगिनींनो’वर वाढले. पाचवीत ‘आमची गाय’ या निबंधाचा शेवट मी ‘आता गप्प बसणार नाही’ असा केला होता. बाईंनी त्याखाली लाल शाईत लिहिलं होतं, ‘कोण, गाय?’

ते गुलाबी पत्रक मात्र खराब झालेलं नव्हतं. ते आमचंच होतं. वर ठळक अक्षरात ‘गटार नाही, तर घरपट्टी नाही’, आणि खाली आपला नम्र म्हणून वडिलांचं नाव.

आमचं गाव बारामती तालुक्याच्या अगदी शेवटाला आहे. ओढा ओलांडला की इंदापूर तालुका लागतो. आमची आळी त्या ओढ्याकडे उतरत जाते, त्यामुळे वरच्या सगळ्या घरांचं सांडपाणी आमच्या दारावरून वाहत जायचं आणि आमच्या गोठ्याच्या कडेला साचायचं. ऊस तोडायच्या दिवसांत तर रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांनी चर पडत आणि पाणी कुठूनही कुठेही जाई. आई रोज सकाळी दूध काढायच्या आधी खराट्याने ते पाणी पुढे ढकलायची. पुढे म्हणजे ओढ्याकडे. ते परत यायचं. गटाराची मागणी माझ्या जन्माआधीची होती, असं वडील म्हणत.

वडिलांची दोन तत्त्वं गावात प्रसिद्ध होती. पहिलं हे गटाराचं. दुसरं बाईच्या हक्काचं. आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात आणि तिचं माहेरचं नाव तिथेच संपतं. वडिलांच्या लग्नात ताट आलं, तांदूळ पसरले, आणि वडील म्हणाले, तिला नाव आहे की, दुसरं कशाला. आजोबा पुढचे कित्येक महिने त्यांच्याशी नीट बोलले नव्हते म्हणे. पुढे घर बांधल्यावर वडिलांनी ग्रामपंचायतीत ते आईच्या नावावर लावलं. आमच्या आळीतलं बाईच्या नावावरचं ते पहिलं घर. सभेत बोलताना ते हे सांगत, आणि सांगताना त्यांची मान जरा ताठ व्हायची.

गावाने मात्र या प्रश्नावर स्वतःचा उपाय काढला होता. आईचं माहेर सणसर, तेव्हा गावाने तिला सणसरकरीण म्हणायला सुरुवात केली आणि विषय संपवला. नाव बदललं नाही, पण ते कोणी घेतलंही नाही. वडील तिला ‘अगं’ म्हणत, मी ‘आई’, शेजारच्या काकू ‘सणसरकरणी’. दूध संकलन केंद्रावर खातं वडिलांच्या नावाचं होतं. तिचं खरं नाव रेशनकार्डावर होतं आणि दरवर्षी पंचायतीकडून येणाऱ्या मागणीच्या बिलावर होतं, आणि ते बिल वडील परस्पर घेऊन त्याला सविस्तर उत्तर लिहीत.

बहिष्काराच्या पहिल्या वर्षी सगळी आळी आमच्याबरोबर होती. मग कोणाला पोराच्या स्कॉलरशिपसाठी दाखला हवा झाला, कोणाला विजेचा मीटर घ्यायचा होता, आणि थकबाकी असली की पंचायत दाखला देत नाही. एकेक जण संध्याकाळच्या वेळी, आमच्या दारावरून न जाता वळसा घालून, भरून आला. वडील त्यांना फितूर म्हणायचे, पण घरात. बाहेर भेटले की चहा पाजायचे. शेवटी आमचंच एक घर उरलं. मला त्याचा अभिमान होता. मी तेव्हा बारामतीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते, आणि बहिष्काराचं नवं पत्रक मी स्वतः लिहिलं होतं. त्यात एका परिच्छेदात चार प्रश्नचिन्हं होती.

ग्रामसभेत दरवेळी एकच संवाद व्हायचा. वडील उठून गटाराचं विचारायचे. ग्रामसेवक कागदातून मान वर न काढता म्हणायचे, आधी पट्टी भरा, मग बोला. वडील म्हणायचे, आधी गटार बांधा, मग भरतो. लोक हसायचे. दोन भिडस्त पाहुणे दारात उभे राहून ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करतात आणि आत कोणीच जात नाही, तसं ते चालू होतं. फरक एवढाच की इथे दारातून सांडपाणी जात होतं.

मग ती सकाळ आली.

आमच्याकडे घंटागाडी चाचा चालवतात. स्टँडवर त्यांचं पंक्चरचं दुकान आहे, आणि दुकान उघडायच्या आधी सकाळी ते पंचायतीची गाडी फिरवतात. त्यांचा आवाज असा की गावात नळाला पाणी कधी येणार, लाइट कधी जाणार, कोण वारलं आणि माती किती वाजता, सगळं तेच सांगतात. त्या दिवशी स्वच्छतेचं गाणं मध्येच थांबलं आणि चाचांच्या आवाजातली रेकॉर्ड सुरू झाली. ग्रामपंचायतीच्या खालील थकबाकीदारांनी आपली घरपट्टी त्वरित भरावी. मार्चअखेरची वसुली होती. दोन-तीन नावं झाली आणि मग आईचं नाव आलं. पूर्ण नाव. तिचं, वडिलांचं, आडनाव.

मी दात घासत ओट्यावर उभी होते. आई दोन बादल्या घेऊन गाडीपाशी होती, एक ओल्या कचऱ्याची आणि एक सुक्या. शेजारच्या काकू तिच्या पलीकडे होत्या. त्यांनी कान टवकारले.

“ही कोण गं बया? आपल्या आळीत तर ह्या नावाची कुणी न्हाय.”

“मीच ती,” आई म्हणाली.

“तू?” काकूंनी तिच्याकडे नव्याने पाहिलं. “तुझं नाव हे हाय व्हय? लई चांगलं हाय की गं.”

आणि मग ते नाव कशासाठी पुकारलं जात होतं ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी पदर सारखा केला आणि उगीचच सुक्या कचऱ्यातलं काहीतरी ओल्यात टाकलं. आईने दोन्ही बादल्या रिकाम्या केल्या, आत आणून उपड्या घातल्या आणि गाईखाली बसली. घंटागाडी पुढच्या कोपऱ्यावर थांबली, तिथेही तिचं नाव आलं. त्याच्या पुढच्या कोपऱ्यावरही. दुधाच्या धारांच्या आवाजात ते लांब लांब जात होतं, पण ऐकू येत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिचं नाव गावात पहिल्यांदा घेतलं गेलं, ते हे असं.

संध्याकाळी वडील आले तेव्हा ही बातमी त्यांना फाट्यावरच कळलेली होती. ते रागावलेले नव्हते. उलट जरा खुशीतच होते. पुकारू दे म्हणाले, गावाला कळेल की एक तरी घर झुकलेलं नाही. मी मान डोलावली. पंचायतीला असं जाहीर नाव घ्यायचा अधिकारच नाही, यावर मी लगेच बोलायला लागले. माझ्या डोक्यात पुढच्या पत्रकाचा मथळासुद्धा तयार होता.

आई गाईंसाठी कोयत्याने कडवळ तोडत बसली होती. तिने आमचं दोघांचं पूर्ण ऐकून घेतलं. मग हातातली पेंढी खाली ठेवली.

“तत्त्व तुमचं हाय,” ती म्हणाली, “नाव माझं हाय.”

वडील म्हणाले की घर तिच्या नावावर केलं ते तिच्या मानासाठीच केलं होतं.

“केलं ते चांगलंच केलं. पर घर माझं, तर पट्टी भरायची का न्हाय हे मला कधी इचारलं?”

वडील खुर्चीवर बसले आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला. त्यांची बाजू मग मी घेतली. आत्ता भरणं म्हणजे इतक्या वर्षांच्या लढ्यावर पाणी सोडणं, असं मी म्हणाले, आणि ‘शरणागती’ हा शब्द वापरला. आईने तो शब्द कडवळाच्या काडीसारखा बाजूला केला.

“तुमी बोलला की ते म्हणत्यात, आधी पट्टी भरा. त्यांच्यापाशी दुसरं उत्तरच न्हाय. मला एकदा भरून बघायचंय, मग काय म्हणत्यात ते.”

एवढं बोलून ती पुन्हा कडवळ तोडायला लागली. त्या रात्री आमच्या घरात भांडण झालं नाही. आई शांत होती, आणि शांत माणसाशी भांडता येत नाही. हे मला तेव्हा फार गैरसोयीचं वाटलं होतं.

दुधाचं बिल आमच्याकडे दर दहा दिवसांनी निघतं. बायका त्याला पगार म्हणतात. खातं वडिलांच्या नावाचं असलं तरी पगार आणायला आईच जायची, आणि त्यातून पेंड आणि किराणा जाऊन उरेल ते ती कडबाकुट्टीच्या मशीनसाठी बाजूला टाकत होती. दोन गाईंची वैरण रोज हाताने तोडून तिचा उजवा खांदा रात्री दुखायचा. मशीन बारामतीच्या एका दुकानात तिने पाहूनही ठेवलं होतं. ते पैसे तिने घरपट्टीला काढले. मी विचारलं, ज्यांनी तुझ्या दारात गटार बांधलं नाही त्यांना तू तुझी कुट्टी देणार? ती म्हणाली, कुट्टी पुढच्या वर्षी घेता येईल.

भरायला जायच्या दिवशी तिने सणसरला मामाच्या घरभरणीला घेतलेली मोरपंखी साडी नेसली. मला वाटलं, वाटेत कुठे हळदीकुंकू असेल. ती म्हणाली, “नाव मोठ्यानं पुकारलंय, तर भरायला चोरून कशाला जायचं?” आळीतले बाकीचे लोक वळसा घालून गेले होते. आई भर सकाळी, मधल्या रस्त्याने, मला बरोबर घेऊन गेली, आणि कोणी कुठे निघालात विचारलं की सांगत गेली, पट्टी भरायला. जणू बाजाराला निघाली होती.

पंचायतीत वसुलीच्या टेबलावर एक वयस्कर क्लार्क बसतात. सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांनी आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आमच्या मागे कोणी आहे का तेही पाहिलं.

“यंदा पत्रक न्हाय आणलं?” ते म्हणाले.

“यंदा पावती न्यायला आलीय, तात्या.”

तात्यांनी मागची सगळी वर्षं काढून बेरीज केली, दंड धरला, नोटीस फी धरली. आईने नोटा मोजून दिल्या. तात्या पावती फाडून देणार तेवढ्यात ती म्हणाली, यात काय काय धरलंय ते जरा सांगा. घाई नव्हती तिला. मागे उभ्या असलेल्या माणसालाही तिने सांगितलं, दादा, दोन मिनिटं. तात्या बोट ठेवून सांगत गेले. ही घरपट्टी. ही दिवाबत्ती. ही पाणीपट्टी. हा आरोग्य कर.

“आरोग्य कर म्हंजी?”

“आरोग्य म्हंजी सफाई. कचरा उचलायचा, पावडर मारायची, गटारं...” तात्यांचं बोट पावतीवर जागच्या जागी राहिलं. ते मान खाली घालून हसले. “व्हय, गटारं धरून.”

आईही हसली. टोमणा मारायला ही फार चांगली जागा होती, आणि मी तो तयारही केला होता. तिने मारला नाही. तिने आणखी एक गोष्ट विचारली. थकबाकी घंटागाडीवर पुकारली, तशी भरल्याचीही पुकारणार ना? तात्या म्हणाले, तशी काही पद्धत नाही वहिनी. ती म्हणाली, मग पाडा की.

परत येताना ती वाटेत दोनदा थांबून पावती वाचत होती. वरच्या ओळीत तिचं नाव होतं, आणि त्याच्या आधी छापलेलं ‘मालकाचे नाव’. दूध संकलन केंद्रापाशी ओळखीच्या बायका होत्या, त्यांना तिने ती दाखवली. मी जरा अंतर ठेवून चालत होते. कर भरून कोणाचा चेहरा असा होतो हे मी कुठल्याच पत्रकात वाचलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली आणि रेकॉर्डमध्ये आईचं नाव पुन्हा आलं. थकबाकीदारांतच.

वडील त्या दिवशी घरी होते. ओल्या कचऱ्याची बादली त्यांच्या हातात होती. त्यांच्या चेहऱ्यावर मला ‘बघ, सांगत होतो’ दिसलं. आई आत गेली, पावती घेऊन आली आणि गाडीच्या खिडकीशी गेली. चाचा म्हणाले, “ताई, हे पेन ड्राइव्हमधलं हाय. मला वर्नं दिल्याशिवाय मी काय बदलणार?”

“मग तोंडानं सांगा. माईक तर हाय न्हवं?”

चाचांनी पावती हातात घेतली, लांब धरली, मग जवळ धरली. त्यांनी रेकॉर्ड बंद केली. माईकवर दोनदा फुंकर मारली. आळीतल्या बायका बादल्या घेऊन उभ्याच होत्या, त्या तशाच थांबल्या. मग चाचांनी आईचं पूर्ण नाव घेतलं, अगदी सावकाश, कोणाच्या लग्नाचं आमंत्रण देतात तसं, आणि म्हणाले, “यांनी घरपट्टी, दिवाबत्ती, पाणीपट्टी आन् आरोग्य कर, समदं मागचं-पुढचं भरलेलं हाय. पावती मी सवता डोळ्यानं बघितली.”

काकू म्हणाल्या, “अजून एकदा घ्या की चाचा, माझ्या सुनंला ऐकू न्हाय गेलं.” चाचांनी अजून एकदा घेतलं.

गाडी पुढच्या कोपऱ्यावर गेली, तिथेही रेकॉर्ड न लावता त्यांनी तेच सांगितलं. आई दारात उभी राहून ऐकत होती. वडीलही ऐकत होते. गाडी ओढ्याच्या वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की ओल्या कचऱ्याची बादली वडिलांच्या हातात तशीच भरलेली आहे.

ते म्हणाले, “चांगलं वाटतं ऐकायला.” नंतर जरा थांबून, “तुझं नाव.”

आईने त्यांच्या हातातून बादली घेतली.

ग्रामसेवकांनी त्या दिवशी चाचांना बोलावून झापलं, असं नंतर कळलं. पण त्याच दुपारी वरच्या आळीतल्या एक आजी पट्टी भरायला आल्या, आणि त्यांनी तात्यांना पहिला प्रश्न विचारला की भरलं की नाव पुकारणार का. त्यांचं घर मुलगा वारल्यावर त्यांच्या नावावर झालेलं होतं आणि त्यांचंही नाव गावात कोणाला ठाऊक नव्हतं. मग अजून एक जण आली. वसुली वाढतेय हे दिसल्यावर ग्रामसेवकांनी झापणं बंद केलं, आणि आठवड्यातून एकदा भरणाऱ्यांची नावं पुकारायची पद्धत पडली. दूध संकलन केंद्रावर बायका आपसात विचारायला लागल्या, तुझं आलं का गं. एकीने नवऱ्याला सांगितलं, घर माझ्या नावावर करा, मग मी माझ्या पगारातनं भरते. तो नवरा आमच्याकडे येऊन वडिलांवर रागावून गेला होता. तुमच्या घरातनं हे सगळं सुरू झालंय म्हणाला. वडिलांनी त्यालाही चहा पाजला.

पुढची ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात झाली. वडील गेले, पण उठले नाहीत. आई बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसली होती. पावती तिने नीट घडी घालून मुठीत धरली होती. विषय संपत आले तेव्हा ती उभी राहिली. ग्रामसेवक कागदातून मान वर न काढता म्हणाले, “आधी पट्टी...” आणि तात्यांनी त्यांच्या कोपराला हात लावला. त्यांनी वर पाहिलं.

मला वाटलं होतं, आई पावती उंच करून दाखवेल. मी असते तर दाखवली असती. तिने ती मुठीतच ठेवली.

“आरोग्य कर मी भरलेला हाय. त्यात गटार येतं असं तात्यांनी सांगितलंय. माझं गटार कुठं हाय?”

वडील इतकी वर्षं ‘आमच्या आळीचं गटार’ म्हणत आले होते. ती ‘माझं’ म्हणाली. व्हरांड्यात कोणी हसलं नाही. ग्रामसेवकांनी टोपण काढून पेन हातात घेतलं. प्रश्न इतिवृत्तात घ्यायचा म्हणजे विचारणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. त्यांनी नाव विचारलं. पुरुषांच्या बाजूने कोणीतरी म्हणालं, सणसरकरीण लिहा.

मागे खांबाला टेकून चाचा उभे होते. ते म्हणाले, “अख्ख्या गावाला नाव पाठ हाय, साहेब. तुमालाच कसं न्हाय?”

तेव्हा लोक हसले. आईने आपलं पूर्ण नाव सांगितलं, ग्रामसेवकांनी ते लिहिलं, आणि ती खाली बसली.

गटार लगेच झालं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही झालं नाही. निधी आला, मग कुठेतरी अडकला, मग निवडणूक लागली. पण ‘आधी पट्टी भरा’ हे उत्तर मात्र संपलं होतं, आणि दरवेळी नवं उत्तर शोधायची पाळी त्यांच्यावर होती. आई दर ग्रामसभेत उठून तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारायची, आवाज न चढवता. शेवटी एका उन्हाळ्यात जेसीबी आला. आता सिमेंटचं गटार आमच्या दारावरून जातं. आमच्याच कोपऱ्यावरचं झाकण डुगडुगतं, आणि गाय त्याच्यावरून जायला बिचकते. आईचा हल्लीचा प्रश्न त्या झाकणाबद्दल आहे. कुट्टीचं मशीन तिने दोन वर्षं उशिरा घेतलं.

वडील अजूनही म्हणतात की बहिष्कार बरोबर होता. मीही त्यातलं काही सोडलेलं नाही. नकार देणं हा हक्क आहे, आणि न दिलेल्या सेवेचे पैसे मागणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे. हे मी आजही कोणत्याही सभेत सांगेन. पण नकार कोणाच्या नावावर पडणार आहे हे आधी त्या माणसाला विचारायचं असतं. आणि कर भरणं म्हणजे मान खाली घालणंच असं मी जे धरून चालले होते, ते चुकीचं होतं. भरताना मान खाली घालायची की वर ठेवायची, हे भरणाऱ्यावर आहे.

मी आता इंदापूरला शिकवते आणि उरलेल्या वेळात लिहिते. लेखाचं मानधन आलं की त्यातून टीडीएस कापलेला असतो, आणि वर्षाकाठी रिटर्न भरायचं असतं. पहिल्या वर्षी मी त्या संकेतस्थळासमोर बसून एवढी चिडले की मनातल्या मनात सगळं पत्रक लिहून झालं. आईला फोन करून तक्रार केली. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “तुझ्या नावानं कापत्यात का?” मी म्हणाले, हो, माझ्याच नावाने. “मग बघ, त्यात काय काय धरलंय ते. आन् पावती काढून ठेव.” तेव्हापासून मी रिटर्न सकाळी भरते, अंघोळ करून, टेबल आवरून. मोरपंखी साडीपर्यंत अजून गेलेले नाही. पण रस्त्यातला खड्डा, शाळेची गळकी खोली, सरकारी दवाखान्यातलं बंद पडलेलं मशीन, यांच्याकडे पाहताना ‘त्यांचं’ असं वाटायचं बंद झालं आहे. राग आहेच. फक्त तो आता मालकाचा आहे.

मागच्या एप्रिलमध्ये मी घरी गेले होते. आई वर्ष सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात पट्टी भरते. सकाळी गाडीचं गाणं ऐकू आलं तशी ती दोन्ही बादल्या घेऊन दारात गेली. चाचांचे केस आता पूर्ण पांढरे झालेत, पण आवाज तसाच आहे. गाडी आमच्या दाराशी थांबली. गाणं बंद झालं. चाचांनी माईकवर फुंकर मारली.

आई बादल्या हातात धरून उभी होती. नाव येईपर्यंत ती त्या रिकाम्या करत नाही. चाचाही घाई करत नाहीत.